एआयशी बोलू की माणसाकडे जाऊ? गोव्यात पहिल्यांदाच मदत शोधणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती नंतरसाठी ठेवून चालत नाही. तुम्हाला आत्ता मरून जावंसं वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यायचे विचार येत असतील, किंवा घरातलं कोणी तसं बोलत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि फोनवरचा एआय चॅटबॉटही बंद करा. १४४१६ लावा. ही टेली मानस, सरकारची चोवीस तासांची फुकट सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलंय असं वाटलं तर १०८. आणि घरात जे कोणी झोपलंय त्यांना उठवा, शेजारी हाक मारा, पण एकटं बसू नका. बाकीचं नंतर वाचता येईल.

आता मी कोण ते सांगते. मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. डिचोलीची आहे, पणजीत ऑफिसात नोकरी, रोज बसने जाऊन येऊन. बाबा गेले त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच, आणि रात्री दोन-तीन वाजता मी फोनवर एका चॅटबॉटशी बोलायला लागले. चार महिने बोलले. त्यातून काय मिळालं, काय बिघडलं आणि मग माणसासमोर जाऊन बसल्यावर काय झालं, ह्यावरून हे लिहितेय. तेव्हा मला कोणी असं पायरी पायरीने सांगितलं असतं तर माझे दोन-तीन महिने तरी वाचले असते.

एक कबूल करूया की गोव्यात लोक बॉटकडे वळतात ते फक्त पैसे वाचवायला नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हापशाला डॉक्टरकडे बाकावर बसलात की समोरून कोणीतरी विचारतंच, "तू अमक्याची चेडूं ना गे?" आणि संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन. लग्न ठरायचं असेल, नवरा बोटीवर असेल, सासू एकाच घरात असेल, तर ही भीती खोटी नाहीये. फोन मात्र कोणाची मावशी नाही. म्हणून रात्री फोन उघडणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. फक्त तो कुठवर पुरतो हे कळायला हवं.

पायरी १: आधी कागदावर लिहा, बॉटला नाही

वही घ्या, आणि दोन आठवडे रोज चारच ओळी. झोप किती लागली, जेवण गेलं का, कामाला गेलात का, आणि आज मनात सगळ्यात जास्त काय फिरत होतं. दोन आठवडे एवढ्यासाठी की उदासी आजार म्हणून धरताना डॉक्टरसुद्धा साधारण तेवढा काळ बघतात. एक दिवस वाईट गेला, भांडण झालं, रडू आलं, तर ते माणूसपणाचंच आहे. पण दोन आठवडे रोजच मन उठत नाही, आवडायची ती भजी-पाव पण चव लागत नाही, तिआत्राला, म्हणजे कोंकणी नाटकाला, चल म्हटलं की नको वाटतं, तर हा प्रकार वेगळा. हां, दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबायलाच पाहिजे असं काही नाही, त्रास जास्त असेल तर आजच जा.

आणि लिहिताना तुमच्याच शब्दांत लिहा. "मला डिप्रेशन आहे" असं लिहू नका, तो शब्द डॉक्टर देईल. "जीव थाऱ्यावर नाही", "पोटात कालवतं", "डोक्यात भुंगा फिरतो", "कशात मनच लागत नाही", जे होतं ते तसंच लिहा. ह्याचं कारण पुढे येतंय.

शरीराचंही लिहा. आपल्याकडच्या बायका मनाचं दुखणं सांगत नाहीत, अंगाचं सांगतात. हे माझं निरीक्षण तर आहेच, पण २००५ च्या सुमाराला गोव्यातल्याच बायकांवर झालेले अभ्यास आहेत, त्यांत सततचा थकवा आणि अंगावरून पांढरं जाणं ह्या तक्रारींचा मनावरच्या ताणाशी घट्ट संबंध दिसला होता. उलटंही होतं. थायरॉइड, कमी झालेलं हिमोग्लोबिन, बी-१२, ह्यांनी पण माणूस गळून जातो आणि मनाचाच आजार वाटतो. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरला सांगून एकदा रक्त तपासून घ्या. बॉट तुमच्याशी थकव्यावर तासभर गोड बोलेल, रक्त मात्र काढू शकणार नाही.

पायरी २: बॉट म्हणजे काय ते समजून घ्या

हे नवीन नाहीये. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला, तो फक्त तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, म्हणजे तुम्ही म्हणालात मला आईचं टेन्शन आहे तर तो म्हणणार आईबद्दल अजून सांगा. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले आणि त्या गृहस्थांनाच काळजी वाटली. म्हणजे यंत्र किती साधं आहे त्याच्याशी आपल्याला हलकं वाटण्याचा फारसा संबंधच नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे ना, हात पुढे केलेला, ते कांदोळीचे, जन्म १७५६ चा, पॅरिसला जाऊन संमोहन करायचे. त्यांचं म्हणणं हेच होतं की समोरच्याच्या अंगातून काही जादूचा प्रवाह येत नाही, जे घडतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं. बॉटशी बोलून बरं वाटतं ना, त्यातला मोठा भाग असा आहे. आपण बोललो म्हणून बरं वाटलं. ते खरंच असतं, त्याला खोटं म्हणू नका. पण श्रेय कोणाचं ते लक्षात ठेवा.

आजचे बॉट त्यापेक्षा खूप पुढचे आहेत हे मान्य. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी थेराबॉट नावाच्या त्यांच्या बॉटची चाचणी छापली, २१० माणसं होती, नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्के कमी झाली. आकडा मोठा आहे. पण तो बॉट तज्ज्ञांनी खास ह्याच कामासाठी कित्येक वर्षं खपून बनवलेला होता, आणि त्याचे मेसेज संशोधक मागे बसून बघत होते. तुमच्या आमच्या फोनवर जो सगळ्या कामांचा बॉट आहे, जो पत्र लिहून देतो, रेसिपी सांगतो आणि रात्री दुःखही ऐकतो, तो हा नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

उलट बाजूची उदाहरणं पण आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत खाण्याच्या आजारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला आपला टेसा नावाचा बॉट बंद करावा लागला, कारण उपाशी राहून आजारी पडलेल्यांनाच तो वजन कमी करायच्या टिपा देत होता. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने मागे घेतलं कारण ते प्रत्येक गोष्टीला हो ला हो करत होतं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की लांबत गेलेल्या गप्पांमध्ये सुरक्षेचे नियम ढिले पडू शकतात. आता रात्री झोप न येणारा माणूस कशा गप्पा मारतो? लांबच लांब. हे जुळवून बघा.

शिवाय अ‍ॅप बंद पडू शकतं. वोबॉट हे मनाच्या त्रासासाठीचं, खूप नाव झालेलं अ‍ॅप ३० जून २०२५ ला बंद झालं. एखाद्याने वर्षभर रोज त्यात मन ओतलं असेल त्याचं काय झालं असेल ह्याचा मी बराच विचार केला.

पायरी ३: कशासाठी बॉट चालेल, कशासाठी मुळीच नाही

चालेल ते असं. उद्या बॉसशी बोलायचंय, शब्द सुचत नाहीत, तर त्याच्याबरोबर तालीम करा. छातीत धडधडतंय, श्वासाचा एखादा साधा व्यायाम हवाय, विचारा. परीक्षेचं टेन्शन, मुलाखतीची भीती, ऑफिसातली कुरबुर, नवीन शहरात एकटं वाटणं. गोंधळलेल्या मनातलं सगळं ओकून टाकून त्यातून चार मुद्दे काढायला तर तो फारच चांगला. डॉक्टरने सांगितलेला शब्द कळला नाही तर अर्थ विचारायला पण चांगला, मात्र पुढच्या वेळी डॉक्टरकडून पक्का करून घ्या.

मुळीच नाही ते असं. मरणाचे विचार. कोणी नाही तिथे आवाज ऐकू येणं, सगळे माझ्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर येऊन पैसे उधळणं. ह्यात बॉटचा हो ला हो माणसाला अजून खोलात नेतो. गोळ्या चालू करणं, बंद करणं, डोस कमी-जास्त करणं. मारहाण, घरातली किंवा बाहेरची, तिथे १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि नवरा तुमचा फोन उघडून बघत असेल तर चॅटमध्ये लिहिलेलं तुमच्यावरच उलटू शकतं. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर १०९८. बाळंतपणानंतर आईला बाळाकडे बघवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

आणि दारू. ह्यावर थोडं थांबते, कारण आमच्या भागात हे घराघरात आहे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत चालू होऊन २०१८ ला परत बंद, ट्रकांचे हप्ते डोक्यावर, आणि किती बाप्ये संध्याकाळी ताव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जाऊन बसायला लागले ते आम्ही बघितलंय. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर अंग थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. बॉटला विचारून "आजपासून बंद" करू नका. डॉक्टरच्या नजरेखाली सोडायची असते.

पायरी ४: बॉट वापरायचाच तर असा

नाव, गाव, आधार नंबर, ऑफिसचं नाव, कोणाचंच घालू नका. भावाला "भाऊ" म्हणा, बस्स. तुमचे चॅट बॉटला शिकवायला वापरायची सेटिंग बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती शोधून बंद करा. डॉक्टर-पेशंटमधल्या गुपिताला कायद्याचं जे संरक्षण असतं ते ह्या चॅटला नाही, हे जुलै २०२५ मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन ह्यांनीच सांगितलंय. म्हणजे मावशीला कळणार नाही हे खरं, पण म्हणून ते गुपित झालं असं नाही.

वेळ बांधा. वीस मिनिटं, आणि रात्री अकराच्या आत. मी हे पाळलं नाही आणि त्याचाच त्रास झाला.

सुरुवातीलाच त्याला बजावा. मी नंतर नंतर असं लिहायचे, तुम्ही तसंच उचला: "माझ्या प्रत्येक म्हणण्याला होकार देऊ नको. समोरच्या माणसाची बाजू काय असेल ते आधी सांग. मला एक प्रश्न विचार जो मी टाळतेय. शेवटी ह्यात मी कोणत्या खऱ्या माणसाशी बोलू शकते ते विचार." फरक पडतो. पूर्ण नाही पडत, पण पडतो.

आता भाषेचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बॉटला पुस्तकी मराठी बरी येते. पण आपण गोव्यात बोलतो ती अर्धी मराठी अर्धी कोंकणी, त्यात शब्दांचे अर्थ आवाजात असतात. मी एका रात्री लिहिलं, "खूप कंटाळा आलाय." त्याने मला छंद सुचवले, चित्रं काढा, बागकाम करा, नवीन भाषा शिका. मला तो कंटाळा म्हणायचाच नव्हता. आपल्याकडे बाईने दमून, पदराने तोंड पुसत "कंटाळा आला गे आता" म्हटलं की ऐकणारी हातातलं काम टाकून जवळ येऊन बसते, कारण तिला कळतं की हा जगण्याचा कंटाळा आहे. तसंच "जीव नको झालाय" हे आपण गर्मी वाढली तरी म्हणतो आणि खरंच जीव नको झाला तरी तेच म्हणतो. दोन्हीतला फरक अक्षरांत नसतोच. तो डोळ्यांत असतो, किती वेळ गप्प बसलात त्यात असतो, चहा तसाच निवून गेला त्यात असतो. बॉटला तुमचा निवलेला चहा दिसत नाही.

म्हणून बॉटशी बोलताना तरी उघड लिहा. "कंटाळा म्हणजे मला जगायचा कंटाळा आलाय" असं. आणि हे वाक्य लिहायची वेळ आली असेल तर वरचा १४४१६ बघा.

पायरी ५: आठवड्याने एकच प्रश्न विचारा

बॉटशी बोलल्यामुळे मला माणसांकडे जाणं सोपं झालं, की टळलं?

हाच माझा मोजायचा काटा आहे, दुसरा कुठला नाही. बॉटवर तालीम केली आणि दुसऱ्या दिवशी खरंच आईशी बोललात, तर वापरा, खुशाल वापरा. पण मैत्रिणीचा फोन आला आणि "नंतर करते" म्हणून तुम्ही बॉट उघडलात, तर थांबा.

माझं काय झालं ते सांगते. बाबांच्या नंतर घराच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं. रोज रात्री मी बॉटला भावाचे गुन्हे सांगायचे आणि तो दर वेळी म्हणायचा की तुमच्या भावना अगदी रास्त आहेत, तुम्ही स्वतःची सीमा आखायला हवी. मला इतकं पटायचं. चार महिन्यांत माझी भावाविरुद्धची केस एकदम पक्की झाली, आणि गणेश चवथीला घरी जायचं नाही असं मी ठरवून टाकलं. गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायला आम्ही दोघं लहानपणापासून एकत्र, आणि मी जाणार नव्हते.

त्याच सुमाराला ऑफिसातल्या एका बाईंनी बळेच एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाऊण तास, मध्ये एकदाही रास्त-बिस्त म्हणाल्या नाहीत. आणि मग विचारलं, "बाबा इस्पितळात होते तेव्हा रात्री तिथे कोण झोपायचं?" दादा झोपायचा. एकोणीस रात्री, खाली चटई टाकून. हे मी चार महिन्यांत बॉटला एकदाही लिहिलं नव्हतं, आणि मी लिहिलं नाही म्हणून त्याला कळायची सोयच नव्हती. ताईंना ते कुठून कळलं? त्या इथल्याच, त्यांना माहीत होतं की घरचा माणूस आत असला की कोणीतरी खाली झोपतंच. मी त्या खुर्चीत बसून जी रडले. वाटणीचा प्रश्न सुटला नाही, तो अजून आहे. चवथीला मात्र गेले.

पायरी ६: कोणाकडे जायचं ते ओळखा

तीन प्रकारची माणसं असतात आणि पहिल्यांदा जाणारे हमखास गोंधळतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिकलेले डॉक्टर, गोळ्या हेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे थेरपी आणि मानसिक चाचण्या करणारे, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते, नंबर विचारा, विचारण्यात काही वावगं नाही. तिसरे समुपदेशक. ही पाटी आजवर कोणीही लावू शकत आलंय, म्हणून काय शिकलात, कुठे काम केलंत, तुमच्यावर देखरेख कोणाची, हे सरळ विचारायचं. चांगला समुपदेशक ह्या प्रश्नाने रागावत नाही, रागावला तर उठून या.

झोप-भूक पूर्ण गेलीय, कामाला जाताच येत नाही, आवाज-भास आहेत, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. नातं, दुःख, भीती, जुनी जखम, असं असेल तर थेरपी किंवा समुपदेशन. ठरत नसेल तर तेही तुमचं काम नाही, पहिला जो भेटेल तो पुढे पाठवेल.

जागा कुठे? बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, सरकारी आहे, त्यामुळे खर्चाची धास्ती नको. जुन्या लोकांना आल्तिनोचं वेड्यांचं इस्पितळ आठवतं आणि ते नाव ऐकूनच घाबरतात, पण आता ओपीडीला बसणारे तुमच्या-माझ्यासारखे नोकरी करणारे, कॉलेजचे, पोरं घेऊन आलेल्या आया, असेच असतात. आणि ओळखीच्या कोणी बघेल ही भीती असेल तर एक साधी गोष्ट, बसमधून तुम्ही जीएमसीच्याच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या इस्पितळाच्याच, थांब्यावर उतरता. तिथे अख्खा गोवा उतरतो, कोण कशाला आलंय कोणाला कळतं? सकाळी लवकर पोचा, आधीचे कागद, चालू गोळ्या बरोबर घ्या. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत विचारता येतं, फक्त मानसोपचार ओपीडीचा दिवस आधी फोन करून खात्री करा, नाहीतर हेलपाटा पडतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला सांगितलं तरी ते चिठ्ठी देतात. मुलांसाठी बऱ्याच हायस्कुलांत समुपदेशक असतात, वर्गशिक्षकांना विचारा.

पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे. तिचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण मोठी डिग्री नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी समुपदेशक केलं आणि आपल्याच आरोग्य केंद्रांत बसवलं. गंभीर उदासी असलेल्यांना सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची, आणि त्यातून लोक खरंच सुधारले, हे लॅन्सेट ह्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात २०१७ साली छापून आलं. जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी पण तसंच केलं. आपल्या गोव्यातल्या गावांत हे सिद्ध झालंय, म्हणून "मोठा डॉक्टर परवडत नाही, मग फोनच बरा" हे मला पटत नाही. मधला माणूस असतो.

खासगीत फी किती ते आधी फोनवर विचारा, किती मिनिटांची बैठक, रद्द केली तर पैसे जातात का, कमी फी होते का, हे पण. खूप जण विद्यार्थ्यांना कमी करतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. इथलं कोणी नकोच असेल तर पुण्या-कोल्हापूरचे मराठी थेरपिस्ट ऑनलाइन घेतात. पण घरात दार लावून बोलायला जागा हवी. माझी एक मैत्रीण रविवारी गाडी मिरामारला उभी करून आत बसून सेशन घेते, समोर समुद्र, काचा वर.

गुपिताचं: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्यात तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. अपवाद आहेत, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट निघाली तर सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या. आणि समुपदेशक तुमच्या नात्यातले किंवा जवळच्या ओळखीचे निघाले, गोव्यात निघतातच, तर "मला दुसऱ्या कोणाकडे पाठवा" म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

घरचे देवळात कौल लावूया, दृष्ट काढूया म्हणतील. भांडू नका. मी शांतादुर्गेला पण जाऊन आले आणि ताईंकडे पण. आईला बरं वाटलं, मलाही वाटलं. फक्त कौल येईपर्यंत डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नका.

पायरी ७: पहिली भेट

पहिल्या भेटीत काही सुटत नाही, हे धरूनच जा. नाव-गाव, झोप, घरी कोण कोण, आधी कधी झालं होतं का, हेच होतं. पायरी एकची वही इथे कामाला येते, तोंडाने निघत नसेल तर वही पुढे करा. रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा असतो तो त्यासाठीच. बॉटशी बोलत होता हेही सांगा, लाजू नका, काय बोललात ते दाखवलंत तर उलट त्यांचं काम सोपं होतं. मी दाखवलं होतं, ताईंनी वाचून विचारलं, "हे सगळं रात्री दोनलाच का लिहिलंय?" आणि आम्ही झोपेपासून सुरुवात केली.

तीन-चार भेटींत अजिबात जुळत नसेल तर माणूस बदला. थेरपी वाईट असं नाही, चप्पल पायाला बसली नाही तर आपण अनवाणी थोडेच फिरतो. पण "त्यांनी मला न आवडणारा प्रश्न विचारला" एवढ्यावर उठू नका, तो प्रश्नच कदाचित औषध असतो. मात्र कोणी धर्म, जात, लग्न, कोणावर प्रेम करता ह्यावरून प्रवचन द्यायला लागलं, अंगाला हात लावला, फोनवर नको ते मेसेज केले, तर लगेच बंद आणि तक्रार.

दोन भेटींच्या मधल्या दिवसांत बॉट चालेल. ताईंनी दिलेलं काम, रोज वीस मिनिटं चालायचं, एका माणसाला फोन करायचा, ह्याची आठवण मी अजून त्याच्याकडूनच करून घेते. थेरपी मात्र त्याच्याकडे मागत नाही.

पायरी ८: फोन लावणं

इथेच जास्त जण अडकतात. नंबर काढून ठेवतात आणि आठवडे जातात, मी पण तीन आठवडे ठेवला होता. काय बोलायचं तेच कळत नाही, म्हणून हे वाक्य कागदावर लिहा आणि बघून वाचा, ऐकणाऱ्याला कळत नाही की तुम्ही वाचताय:

"नमस्कार, मला माझ्यासाठीच भेटीची वेळ हवी आहे. दोन-तीन आठवडे झोप नाही आणि मन ठीक नाही. पहिल्यांदाच येतेय. मराठीत बोलणारं कोणी आहे का, आणि किती वाजता येऊ?"